मालकीणबाई पुढे बसत नाहीत

लग्न होऊन मी काशीगावला आले त्याच वर्षी ती गाडी आमच्या घरी आली. साठचं दशक संपत आलं होतं. मी वैशाखात आले, ती दिवाळीच्या जरा आधी, ट्रकला दोराने बांधून. हायवेवरून आत वळताना दोर तुटला आणि गावातल्या आठ-दहा जणांनी ढकलत तिला आमच्या अंगणात आणून सोडलं. तेव्हापासून अंगणातली पापड-कुरडया वाळवायची जागा गेली ती गेलीच.

गाडी माझ्या सासऱ्यांची. मी त्यांना मामंजी म्हणायची. मूळचे रत्नागिरीकडचे. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आले, आधी गाड्या पुसल्या, मग चालवायला शिकले आणि पुढची तीस वर्षं मलबार हिलवरच्या एकाच शेठच्या घरी ड्रायव्हर राहिले. राहायला गॅरेजवरची खोली. सासूबाई आणि मुलं बरीच वर्षं गावालाच होती. मामंजी शिमग्याला किंवा गणपतीला आठ दिवस जायचे तेवढेच. म्हातारपण जवळ आल्यावर सासूबाई मुंबईला आल्या. नोकरी संपत आल्यावर काशीगावात दोन खोल्यांचं कौलारू घर केलं. शेठनी निरोप देताना आपली जुनी विलायती गाडी मामंजींना देऊन टाकली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, काळी, लांबलचक, पुढे गोल डोळ्यांसारखे दोन दिवे. शेठकडे नवी आल्यापासून ती बंदच पडून होती. पण मामंजींनी तिच्यावरून वीस वर्षं फडकं फिरवलं होतं, त्यांना ती बंद दिसतच नव्हती.

चार वर्षं ती अंगणात ताडपत्रीखाली राहिली. खाडीचं वारं, खारट हवा. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची, पुढच्या सीटखाली उंदरांनी घर केलं होतं. तरी दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार, बॉनेटवर स्वस्तिक. चौथ्या दसऱ्याला हार घालून झाल्यावर मामंजी म्हणाले, "यंदा हिला रस्त्यावर आणायची."

मला वाटलं, बोलतायत. बोलू दे.

मी गावच्याच प्राथमिक शाळेत शिकवत होते. शाळा सकाळची, म्हणजे दुपारी मी घरी. हे, म्हणजे माझे यजमान, दहिसरला कारखान्यात पाळीवर. तेव्हा दुपारी मामंजींच्या हाताशी कोण? मी. "सूनबाई, जरा इकडे ये," अशी हाक आली की वह्या तपासायच्या बाजूला ठेवून जायचं. पदर खोचून हँडल मारायचं. त्या गाडीला पुढून लोखंडी हँडल घालून फिरवावं लागे. मी फिरवायची, मामंजी आत बसून कान देऊन ऐकायचे. इंजिन फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. पंधरा दिवस हेच.

एकदा मी म्हटलं, "मामंजी, पेट्रोल पुढे येतंय का ते बघायचं का?"

"तीस वर्षं गाडी चालवलीय मी," ते म्हणाले. "दोष आत आहे. खोलावी लागेल."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मामंजींसारखा ड्रायव्हर मी पुन्हा पाहिला नाही. पण त्यांनी आयुष्यात इंजिन खोललेलं नव्हतं. शेठची गाडी थोडी कुरकुरली तरी गॅरेजात जायची, आणि तिथे मामंजी स्टुलावर बसून चहा प्यायचे. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटत होतं, एवढी वर्षं गाडीत घालवलेल्या माणसाला माहीत असणारच.

त्यांनी इंजिन खोलायला घेतलं. माझी परात गेली. तिच्यात रॉकेल ओतून नटबोल्ट धुवायचे. मग दुधाची गाळणी गेली. पापडाचे दोन डबे गेले. दर नट कुठला हे लिहून ठेवायचं काम माझ्याकडे. शाळेच्या वहीत मी लिहायची, "डावीकडून तिसरा, लहान, आटे झिजलेले." लिहिताना हात काळे, दुसऱ्या दिवशी मुलांच्या वह्यांवर माझ्या अंगठ्याचे ठसे. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, "बाई, घरी भट्टी लावलीय का?" घरात चहाला रॉकेलचा वास, भाकरीला रॉकेलचा वास. हे रात्रपाळी करून सकाळी आले की ताट बघून नुसते माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, "माझ्याकडे काय बघता? तुमच्या वडिलांना सांगा." ते सांगायचे नाहीत. त्या घरात मामंजींना कोणी काही सांगायचं नाही, अशीच रीत होती.

सासूबाई ओटीवर बसून तांदूळ निवडत हे सगळं बघायच्या. त्या मुळात कमी बोलायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "आई, तुम्ही तरी सांगा ना त्यांना." त्या म्हणाल्या, "पुरुषमाणसाला हाताला काम हवं गो. नाहीतर ते आपल्या डोक्यावर बसतं."

मार्गशीर्ष गेला, पौष गेला. इंजिनाचे सगळे अवयव आमच्या पडवीत जुन्या लुगड्यावर मांडलेले. मग मामंजींनी ते परत जोडायला घेतले आणि महिनाभराने जोडून झाले तेव्हा तीन नट उरले. वही काढली. वहीत त्या नटांचा पत्ता नव्हता. मामंजी मला म्हणाले, "तू नीट लिहिलं नाहीस."

मी उठले, चपला घातल्या आणि तशीच हायवेला गेले. तिथे ट्रक दुरुस्त करणारा उत्तरेकडचा एक मिस्त्री होता, पिंपळाखाली त्याची टपरी. त्याला म्हटलं, "भैया, घर पे एक पुरानी गाडी है, देखने को आओ." तो लगेच आला. मामंजी त्याला बघून घरात गेले आणि दार लोटून बसले.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, वाकला, वास घेतला. मग मागे जाऊन टाकीत काठी घातली. काठी वर आली ती तांबड्या चिखलाने माखलेली. गंज. सगळी टाकी गंजाने भरलेली, नळी बुजलेली. वायरी उंदरांनी खाल्लेल्या. त्याने हँडल फिरवून बघितलं आणि मला विचारलं, "बहनजी, इंजन किसने खोला?"

मी दाराकडे बघितलं.

"इंजन में तो कुछ था ही नहीं," तो म्हणाला. "पेट्रोल नहीं आ रहा था. टंकी धो देते, वायर नया डाल देते, चल पडती. इंजन खोला काय को?"

पाच महिने! माझे पाच महिने, माझी परात, माझी साडी, माझी रॉकेलची कुपनं. मला हसावं की रडावं कळेना. दाराआड मामंजी होते, त्यांनी ऐकलं असणारच. मिस्त्री पुढे म्हणाला की आता इंजिन खोललंच आहे तर त्याच्या वरच्या आणि खालच्या भागांच्या मध्ये जी तांब्याची पट्टी असते, ज्याला ते पॅकिंग म्हणतात, ती फाटली आहे. ती नवी लागणार. आणि या गाडीची पॅकिंग आता मुंबईत मिळणार नाही, गाडी बनवणारेच राहिले नाहीत. मात्र उत्तनला एका घरी अगदी अशीच गाडी होती, होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला तो तिकडे जायचा तेव्हा त्याने बघितली होती. तिथे बघा.

मामंजी संध्याकाळी बाहेर आले. जेवताना मीच म्हटलं, "रविवारी उत्तनला जायचं आहे. तुम्ही येताय का मी एकटी जाऊ?"

"एकटी कशी जाशील?" ते म्हणाले. एवढंच.

भाईंदरला जाऊन उत्तनची एसटी धरली. तिथे चर्चच्या मागे वाडी असलेलं एक ख्रिस्ती घर. घरमालक पन्नाशीचा, दणकट, मासेमारीही करायचा आणि भाजीही पिकवायचा. त्याच्या वडिलांची गाडी होती ती. आता गाडी नव्हतीच. तिचं इंजिन विहिरीजवळ दगडी ओट्यावर पक्कं बसवलेलं होतं आणि ते धडधडत वांग्यांच्या वाफ्यांना पाणी देत होतं. मामंजी तिथे जाऊन उभे राहिले. डोकं जरा कलतं करून ऐकत राहिले. मला वाटतं पाच-सात मिनिटं ते तसेच उभे होते. आपल्या अंगणातली जी गाडी चार वर्षांत एकदा खोकलीसुद्धा नाही, तिची जुळी बहीण इथे वांग्यांना पाणी पाजत होती.

मग आम्ही बसलो. चहा आला. मामंजींनी पावसाची चौकशी केली. वांग्यांची केली. समुद्राची केली. त्या माणसाच्या वडिलांची केली. दुसऱ्यांदा चहा आला. मग ते उठले आणि म्हणाले, "बरंय, येतो आम्ही."

मी बघतच राहिले. तीन तास प्रवास करून आलोय आणि हे न मागता निघाले! "थांबा," मी म्हटलं आणि त्या माणसाला सगळं सांगून टाकलं, की आमच्याकडे अशीच गाडी आहे, पॅकिंग फाटली आहे, तुमच्याकडे असेल तर हवी आहे.

तो मामंजींकडे बघून म्हणाला, "मंग आल्याबरोबर का नाय बोललां? हाय की. माज्या बापासने आनून ठेवलेली हाय." आत जाऊन त्याने खिळ्याला टांगलेलं एक पुडकं आणलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली तांब्याची पट्टी, नवीकोरी. पैसे विचारले तर म्हणाला, "इकायची नाय. न्या." वर टोपलीभर वांगीही दिली.

परतीच्या एसटीत मामंजींनी ती पट्टी मांडीवर आडवी धरली होती. भाईंदर जवळ आलं तेव्हा मी विचारलं, "मागितलं का नाही तुम्ही?"

"मला मागायची सवय नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "शेठकडे मी कधी सुट्टीसुद्धा मागितली नाही."

मी चिडलेलीच होते. म्हटलं, "मग ही गाडी कशासाठी पाहिजे तुम्हाला? कुठे जायचंय?"

ते खिडकीतून बाहेर मिठागरांकडे बघत होते. म्हणाले, "तीस वर्षं मागचं दार उघडलं मी. शेठाणीबाई बसायच्या, त्यांच्या सुना बसायच्या, पाहुण्या बसायच्या. तुझ्या सासूला त्या सीटवर कधी बसवली नाही. एकदा तिला मागे बसवायची आणि ठाण्याला तिच्या बहिणीच्या दारात नेऊन उतरवायची. तेवढंच."

मी मांडीवरची वांग्यांची टोपली सावरली. त्यांनी हे पाच महिन्यांपूर्वी सांगितलं असतं तर माझी परात मी निदान आनंदाने दिली असती.

मिस्त्रीने तीन आठवड्यांत गाडी उभी केली. मामंजी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायचे आणि सांगायचे, "आहिस्ता, आहिस्ता." सुरुवातीला एकदा हँडल मारायला यांना लावलं, ते उलटं फिरलं आणि यांच्या मनगटावर बसलं. आठ दिवस यांचा कारखाना बंद, हात गळ्यात. नंतर ठाण्याच्या आरटीओत जाऊन कागद करून आणायचे तेही यांच्याच गळ्यात पडलं. शेठचं नाव काढून मामंजींचं नाव लावायला चार खेपा. हे मला म्हणाले, "यापेक्षा शेठनी बाबांना हत्ती दिला असता तर बरं होतं." पण वडिलांसमोर अवाक्षर नाही.

एका सकाळी गाडी सुरू झाली. अंगणभर निळा धूर. अर्ध्या गावाने येऊन बघितली. मागची सीट मी स्वतः घासली, कोंबडीचे डाग काही गेले नाहीत म्हणून वर आमच्या लग्नातली चादर घातली. मामंजींनी ट्रंकेतून पांढरा ड्रेस आणि टोपी काढली.

"अहो, टोपी कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"असू दे," ते म्हणाले आणि मागचं दार उघडून उभे राहिले. "अगो, बस."

सासूबाई नवं लुगडं नेसून, नथ घालून मागे बसल्या. मी त्यांच्या शेजारी. हे पुढे, मनगटाला पट्टी. गाडी हायवेला लागली, घोडबंदरकडे वळली. मामंजी आरशातून सारखे मागे बघत होते. चेणे येईपर्यंत सगळं छान चाललं होतं. पुढे वळणं सुरू झाली, डावीकडे खाडी, उजवीकडे डोंगर, आणि सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. बघते तर चेहरा पांढराफटक.

"आई, काय होतंय?"

त्यांनी तोंडाला पदर लावला. "थांबवा," मी ओरडले. मामंजींनी थांबवली, पण उशीर झाला होता. लग्नातली चादर गेली.

रस्त्याच्या कडेला झाडाखाली त्यांना बसवलं, तोंडावर पाणी मारलं. मामंजी टोपी हातात घेऊन उभे. "काल काय खाल्लंस?" त्यांनी विचारलं.

"खायचं काय त्यात," सासूबाई म्हणाल्या. "मला गाडी लागते."

"कधीपासून?"

"लहानपणापासून. एसटीतही लागते."

"मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?" त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती आणि दोघांनी गाडीतून असा एकत्र प्रवास कधी केलेलाच नव्हता.

तिथूनच परत फिरलो. घरी आल्यावर मामंजींनी गाडीवर ताडपत्री टाकली, तिच्या चारी कडा दगडांनी दाबल्या आणि पंधरा दिवस ते जेवण्यापलीकडे तोंड उघडेनात. आता एवढं सगळं करून गाडी पुन्हा ताडपत्रीखाली! मला रोज शाळेतून येताना ती दिसायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका दुपारी मी सासूबाईंना विचारलं, "मुंबईहून इथे सामान आणलं तेव्हा तुम्ही ट्रकमध्ये होतात ना? तेव्हा लागलं होतं?"

त्या विचार करून म्हणाल्या, "नाही बाई. ड्रायव्हरच्या बाजूला बसले होते. समोरचं सगळं दिसत होतं, वारा लागत होता. काही झालं नाही."

मी तडक मामंजींकडे गेले. "आईंना पुढे बसवा. पुढे बसल्या तर त्यांना लागत नाही."

मामंजींनी मान हलवली. "मालकीणबाई पुढे बसत नाहीत."

"पण त्यांना..."

"पुढे नोकरमाणूस बसतं. मी तिला पुढे बसवायला गाडी नीट केली नाही."

मग मात्र माझा तोल सुटला. त्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदाच आवाज चढवला. "तुम्ही कोणासाठी केलीत गाडी? आईंसाठी की त्या सीटसाठी? पाच महिने मी नट पुसले. यांचा हात मोडता मोडता राहिला. त्या उत्तनच्या माणसाने बापाने जपून ठेवलेली वस्तू काढून दिली आपल्याला. आणि आता ती ताडपत्रीखाली कुजणार, कारण आई चुकीच्या सीटवर बसतील म्हणून?"

बोलून झाल्यावर मीच घाबरले. मामंजी माझ्याकडे बघत होते. सासूबाई हातातलं सूप खाली ठेवून दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तीस वर्षं तुम्ही पुढेच बसलात ना? मग मी तुमच्या बाजूला बसले तर काय बिघडलं?"

मामंजी उठून मागच्या दारी गेले. बराच वेळ विहिरीवर पाणी काढल्याचा आवाज येत होता, आणि पाणी तर सकाळीच भरून ठेवलेलं होतं.

रविवारी सकाळी ताडपत्री निघालेली दिसली. मामंजींनी साधा सदरा आणि धोतर घातलं होतं. त्यांनी पुढचं दार उघडलं. सासूबाई बसल्या. मी मागे. यांनी "मला झोप काढायचीय" म्हणून यायचं नाकारलं, आणि त्यांचंही बरोबर होतं.

मामंजी इतकी सावकाश चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. दर वळणाला विचारायचे, "बरं वाटतंय ना?" सासूबाई म्हणायच्या, "वाटतंय." पुन्हा वळण, पुन्हा तेच. गायमुखाजवळ त्यांनी काही कारण नसताना गाडी थांबवली. "काय झालं?" मी विचारलं. "हिला जरा वारा लागू दे," ते म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "अहो, वारा लागतोय मला. चला आता." एकदाचं ठाणं आलं. बहिणीच्या गल्लीत गाडी शिरली, पोरं मागे धावली, मामंजींनी अगदी दारासमोर गाडी लावून हॉर्न वाजवला. दोनदा वाजवला.

दाराला कुलूप.

शेजारीण बाहेर येऊन म्हणाली, त्या काल मुलीकडे कल्याणला गेल्या, बुधवारी येतील. पत्र टाकलं नव्हतं का? मी मामंजींकडे बघितलं. त्यांनी पत्र टाकलं नव्हतं. त्यांना अचानक यायचं होतं.

मी कपाळाला हात लावला. आम्ही तिघांनी तिथेच गाडीत बसून डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. मामंजी वाट बघत होते, बुधवारी येणारं माणूस जसं काही आत्ता येणार होतं. गल्लीतली माणसं येऊन गाडीला हात लावून बघत होती आणि मामंजी प्रत्येकाला सांगत होते, "सांभाळून. विलायती आहे." तास झाला, दोन झाले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "चला हो. दुधवाला येऊन परत जाईल."

त्यानंतर अडीचएक वर्षं गाडी चालली. महिन्यातून एखाद-दुसऱ्या रविवारी दोघं जायचे, चेण्यापर्यंत, कधी गोराईच्या रस्त्याला. मग पेट्रोलचे भाव भडकले आणि मामंजींना मोतीबिंदू झाला. ती वसईकडच्या एका माणसाने लग्नाच्या वरातीसाठी विकत नेली. नेताना मामंजी घरात होते, सासूबाई अंगणात.

मामंजी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी सासूबाईंना विचारलं होतं, तुम्हाला आवडायचं का हो त्या गाडीतून फिरायला?

"आवडायचं काय त्यात," त्या म्हणाल्या. "कंबर धरायची माझी. पण ते एवढे खपले होते, मग बसायला नको?"